कावळ्यासमोर कबूल केलेला काढा

आमची सिंधूआत्या गेली तेव्हा माझं डोकं दुखत होतं.

यात विशेष काही नाही. ती जिवंत होती तेव्हाही ते दुखतच होतं, आणि ते थांबवल्याशिवाय आपण जायचं नाही असा तिचा निश्चय होता. पण पंचाहत्तरीला, दुपारची झोप काढता काढता, कुणालाही त्रास न देता ती गेली. मनात घेतलेलं काम तिने आयुष्यात अर्धवट सोडलं नव्हतं. एवढं एकच राहिलं, आणि ते माझ्या मानेवर होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळी उमेद मखमलाबादच्या मळ्यात भाजी आणि झेंडू पिकवण्यात गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा मळा वाट्याने दिला आणि ती आणि मामा पंचवटीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. (मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे समजावण्यात माझ्या दोन-तीन डोकेदुख्या खर्ची पडल्या आहेत, तेव्हा इथे तसंच मान्य करून पुढे चला.) मुलगा संजू लासलगावला कांद्याचा व्यापारी. तो तिकडे, हे दोघं इकडे.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला आणि राहायला नाशिकरोडला. दिवसभर यंत्रांची घरघर कानात भरून घ्यायची आणि घरी आलं की मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, चार प्रश्न विचारायचे. दोन्हींचा मिळून परिणाम उजव्या कपाळावर व्हायचा. (मंगल हे वाचणार आहे. जास्त वाटा यंत्रांचा.) डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. आत्याने त्या गोळ्या तळहातावर घेऊन उन्हात धरून पाहिल्या.

"हे काय हाय रे विजू?"

"औषध आहे आत्या. डोक्याचं."

"खडू हाय हा! शाळेत फळ्यावर लिहायचा. डोकं दुखतंय तर खडू खातोस व्हय? थांब तू."

मी थांबलो. तिथे माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी आत्या सिटी बसने, मांडीवर स्टीलची किटली घेऊन, पंचवटीहून नाशिकरोडला हजर. किटलीत काढा. त्यात धने, सुंठ, तुळस, गवती चहा. इथपर्यंत माणसाला समजण्यासारखं होतं. त्यापुढे गुळवेल होती. त्याच्याही पुढे काडेचिराईत नावाची एक वनस्पती होती, जी देवाने कोणत्या मनःस्थितीत निर्माण केली ते त्यालाच ठाऊक. कडू कडू म्हणून आपण कारल्याला उगाच बदनाम करतो! आठ पेले पाणी उकळून त्याचा एक पेला करायचा आणि तो पेला मला द्यायचा. गुणाचं म्हणाल तर पहिल्या घोटालाच डोकेदुखी विसरायला व्हायची, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. कारण त्यानंतर जीभ, घसा, कान आणि पोट एकदमच आपापली तक्रार घेऊन पुढे यायचे.

"पिलास का सगळा?" आत्या विचारायची.

"पितोय आत्या. गरम आहे."

"गरमच घ्यायचा असतो. मी बसते."

आणि ती बसायची. गुडघे दुखत असतानाही बसायची. मग एखाद्या वेळी मंगल तिला स्वयंपाकघरात बोलावून घ्यायची (याबद्दल मी मंगलचा जन्माचा ऋणी आहे), आणि मी पेला घेऊन गॅलरीत जायचो. गॅलरीत जास्वंदीची कुंडी होती. होती म्हणजे, होती. चांगली वीतभर फुलं देणारी जास्वंद महिन्याभरात पिवळी पडली. आत्याने तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं, पान चुरगळून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाली, "विजू, हिला कायतरी झालंय. हिलाबी थोडा काढा घालत जा."

मी "बरं" म्हणालो.

ती गेली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर किटली भरून, झाकण घट्ट लावून ठेवलेली होती. दुपारची झोप झाली की चारच्या बसने ती माझ्याकडे यायची होती. आम्ही सगळे पोचलो, रडारड झाली, कुणी फोन करत होतं, कुणी सामानाच्या मागे होतं, आणि मला त्या घरात दुसरं काही दिसेना. किटली अजून कोमट होती. मी तिला हात लावला आणि मग मात्र मला राहवलं नाही. त्या एका दिवशी मी गॅलरी न शोधता काढा प्यायला तयार होतो, पण कुणीतरी ती किटली विसळून पालथी घातली.

दहावा गंगेवर. (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. तेही मान्य करून चला.) आमच्याआधी आणि आमच्या शेजारी आणखी बरीच कुटुंबं आपापले दहावे घेऊन आलेली. संजूने मुंडण केलेलं. सकाळचं ऊन त्याच्या डोक्यावर पडत होतं आणि दुखत माझं होतं. गुरुजींनी विधी उरकले, पत्रावळीवर पिंड ठेवले, बाजूला आत्याच्या आवडीची कांदाभजी आणि पुरणपोळी ठेवली, आणि आम्ही सगळे मागे सरून हात जोडून उभे राहिलो. आता कावळा यायचा, पिंडाला शिवायचा आणि आत्या सुखाने पुढे गेली असं समजायचं.

कावळा आला. समोरच्या भिंतीवर बसला. भजी पाहिली, पिंड पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि पंख साफ करायला लागला.

शेजारच्या कुटुंबाने पत्रावळ ठेवायला आणि कावळ्याने झडप घालायला एकच गाठ पडली! त्यातले एक गृहस्थ चपला घालता घालता आमच्याकडे वळून म्हणाले, "आमच्या नानांचं मागं काहीच राहिलेलं नव्हतं हो." बोर्डाच्या परीक्षेत पोरगं पहिल्या फटक्यात पास झालेला बाप ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. त्यांच्यानंतर आलेल्या कुटुंबाचाही पिंड गेला. आमचा कावळा आपला डाव्या पंखावरून उजव्या पंखावर आलेला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता.

"कावळा शिवल्याबिगर मी तोंडात काय घालणार नाय," असं त्यांनी घरीच सांगितलं होतं. मामांना शुगर. वेळेवर खाल्लं नाही की हातपाय कापायला लागतात, घाम सुटतो. संजूच्या बायकोने, सुनीतावहिनीने, पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला.

"बाबा, अर्धं तरी खा. मी पाठ करते, कुणी बघणार नाही."

"सिंधू बघती ना."

पुडा पर्समध्ये परत गेला. मामा भिंतीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "कायतरी राहिलंय तिचं. मनात कायतरी ठेवून गेली ती. मला सांगितलं नाय."

आता राहिलेलं काय ते ओळखून, मोठ्याने कबूल करायचं, ही रीतच आहे. जोपर्यंत कावळ्याला पटत नाही तोपर्यंत कबूल करत राहायचं. पहिला मान मुलाचा. संजूचा आवाज लासलगावच्या लिलावात तयार झालेला. त्याने हात जोडले आणि घाटाच्या पलीकडच्या माणसाने वळून पाहावं अशा आवाजात सुरुवात केली.

"आई! वर्षश्राद्धाला गावजेवण घालीन!"

कावळा ढिम्म.

"दरवर्षी घालीन!"

कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली.

"दरवर्षी, गोडासकट!"

"अहो, कांदे घेताय का?" वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "व्हा बाजूला." आणि पदर सावरून पुढे झाली. "आई, तुमच्या पाटल्या मी मोडणार नाही."

(पाटल्या मोडायचा विचार होता, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं. संजूलासुद्धा! त्याने वहिनीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बघून कावळाही क्षणभर थांबला. पण शिवला नाही.)

मग संजूने हुकमाचा पत्ता काढला. "आई, तू बाबांची काळजी करू नको! बाबांना मी लासलगावला घेऊन जातो! कायमचं!"

कावळा भिंतीवरून उडाला आणि लांबच्या दिव्याच्या खांबावर जाऊन बसला.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "तिला पटलं नाय. आन् मलाबी नाय. तिथं तुझ्या गोडाऊनात मी काय कांदे निवडत बसू? मला गंगा लागते सकाळची. मी पंचवटी सोडणार नाय."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. माणूस चांगला, पण पुढे त्यांची आणखी कुणीकुणी वाट बघत होतं. "हे बघा, शास्त्रात याला मार्ग आहे. दर्भाचा कावळा करू, पिंडाला लावू, आणि मोकळे होऊ. काही दोष नाही."

"गवताचा कावळा?" मामांनी विचारलं.

"दर्भाचा."

"नाय चालायचं. आमच्या दाराला संजूनं एकदा प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लावलं, तर ती चार दिस जेवताना बोलली नव्हती कुणाशी. जन्मभर खरी फुलं विकली तिनं. तिला नकली कावळ्यावर नका वाटेला लावू गुरुजी, हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. ते हात थरथरत होते. मी त्यांचा दंड धरला तर सदऱ्याच्या आतून तो थंड आणि ओला लागला. मला भीती वाटली. विनोदी वगैरे नाही, खरीखुरी भीती. एक माणूस गमावून दहाच दिवस झाले होते आणि दुसरा माझ्या हातात कापत उभा होता, आणि समोरची भजी तेवढी निवत चालली होती.

तेवढ्यात मंगल म्हणाली, "अहो, तुमचं डोकं!"

"दुखतंय," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी! आत्यांचं काय राहिलं असेल दुसरं? किटली भरून ठेवली होती त्यांनी!"

एका क्षणात सगळं कुटुंब माझ्याकडे वळलं. संजू वळला, वहिनी वळली, गुरुजी वळले. मामांनी तर माझ्याकडे अशा आशेने पाहिलं की तसं आयुष्यात माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. आमच्या लग्नात मंगलनेसुद्धा नाही.

मी घसा साफ केला आणि हळूच म्हणालो, "आत्या, मी काढा घेईन."

कावळा खांबावरून थेट खाली उतरला! पत्रावळीपासून चार पावलांवर.

"उतरला!" संजू ओरडला. "उतरला रे! विज्या, वाढव!"

"वाढव म्हणजे?"

"अरे, एकदाच घेणार का? पुढचं बोल ना!"

"रोज घेईन," मी म्हणालो. कावळ्याने एक उडी मारली. पुढे.

"वेळा! वेळा सांग!"

"सकाळ-संध्याकाळ!"

दुसरी उडी. आता आमच्याभोवती गर्दी जमायला लागली. ज्यांचे कावळे केव्हाच शिवून गेले होते अशी माणसंसुद्धा घरी जायचं सोडून परत फिरली. सटाण्याकडची एक म्हातारी बाई तर माझ्या अगदी पाठीशी येऊन उभी राहिली आणि तिच्या अहिराणीत मला धीर द्यायला लागली. "तो ऐकी ऱ्हायना भाऊ! बोल, बोल!" (म्हणजे, तो ऐकतोय.)

"बिनगुळाचा घेईन!" मी बोललो. (गूळ घालायची सवलत मला आत्याने कधी दिलीच नव्हती. पण कावळ्याला ते कुठे माहीत असणार? माहीत होतं. तो जागचा हलला नाही.)

"पथ्य राहिलं," मंगल म्हणाली. एरवी माझं एकही वाक्य तिच्या लक्षात राहत नाही, पण आत्याची पथ्यं तिला पाठ होती. "आत्या पथ्य सांगायच्या ना?"

"वांगं बंद," मी जाहीर केलं.

"वांगं तुम्ही तसंही पानात टाकता. आत्यांना माहीत आहे."

कावळा एक पाऊल मागे सरला.

"अरे, मागं चालला!" संजूने कपाळावर हात मारला. "तुझी बोली पडतेय विज्या! खरं काहीतरी सोड!"

"दही बंद! लोणचं बंद!" पुढे एक उडी. कावळा आता पत्रावळीला अगदी लागून उभा. मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत. आणि मला कळलं की याला काय ऐकायचं आहे. घाटावरच्या सगळ्यांनाच कळलं असावं.

चहा.

मी दिवसाला किती चहा पितो हे मी कुणाला सांगत नाही. वीजकेंद्रात कोळशावर काय काय चालतं ते मला माहीत आहे. मी चहावर चालतो. आत्या म्हणायची, "त्या चहानंच तुझं डोकं फिरतंय, सोड त्याला." मी म्हणायचो, "आत्या, दुसरं काहीही माग." तिने दुसरं काही मागितलंच नाही. मी कावळ्याकडे पाहिलं. कावळ्याने माझ्याकडे. सकाळपासून मीही चहा घेतलेला नव्हता आणि डोक्यात घण पडत होते. मग मी मामांच्या ओठांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते.

"चहा बंद," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

गर्दीतून "अरेरे" असा आवाज आला. संजूने माझ्या पाठीवर हात ठेवला. कावळ्याने चोच पिंडापर्यंत नेली.

आणि थांबला!

"आता काय राहिलं?" मी ओरडलो. "आता माझ्याकडं काय आहे?"

या वेळी गुरुजी बोलले. दिवसभर व्यवहार बघणाऱ्या माणसाचाच तो प्रश्न. "पण हा काढा करणार कोण? कृती कुणाला येते?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मंगलला फक्त वास माहीत होता. वहिनीने काढ्याच्या वेळी स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता. संजूला वाटायचं तो बाजारातून विकत आणतात.

"मला येतो," मामा म्हणाले.

"तुम्हाला?"

"कुटायचं काम माझं होतं. खलबत्त्यात. उकळायचं तिचं. मी कुटायचो आन् ती बोलत राहायची. विजूला हे द्यायचं, विजूनं ते खायचं नाय..." ते थांबले. त्यांचा आवाज खाली गेला. "आता घरात खलबत्ता नुसता पडून राहील. कुणासाठी कुटायचं? बोलायलाबी कोण नाय."

माझं डोकं तेव्हा दुखत होतं का, मला आठवत नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी पत्रावळीसमोर जाऊन हात जोडले. कावळ्याला नाही, आत्यालाच म्हणालो, "आत्या, मी मामांच्या हातचा काढा घेईन. तुमच्या घरी येऊन. रोज संध्याकाळी. माझं डोकं थांबलं ना, तरी येईन."

शिवला.

नुसता शिवला नाही. पिंडाला शिवला, भजी उचलली, आणि ओळीने दुसरे चार कावळे उतरून पुरणपोळीवर तुटून पडले. घाटावर टाळ्या वाजल्या. (दहाव्याला टाळ्या वाजवू नयेत. पण त्या सटाण्याच्या म्हातारीनेच सुरुवात केली, तिला कोण सांगणार?) मामा दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे राहिले. मग हात काढून म्हणाले, "झालं का गं मनासारखं?" आणि लगेच वहिनीला, "सुनीता, ते बिस्कीट दे आता. लय भूक लागली."

सगळे टपरीवर चहाला गेले. मीही गेलो. आलं ठेचलेलं, दूध उतू जात असलेलं, गरमगरम. टपरीवाल्याने माझ्यासमोर ग्लास ठेवला. मी तो दोन बोटांनी उचलून संजूला दिला, आणि संजूने माझ्या वाटचाही चहा प्यायला. भावाभावांतलं प्रेम यालाच म्हणतात.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून सुटलो की मी स्कूटर घेऊन पंचवटीला जातो. मामा कुटून ठेवतात, माझ्यासमोर उकळतात आणि दोन पेल्यांत ओततात, एक माझा, एक त्यांचा. सकाळचा पेला किटलीत भरून मिळतो. मामांचा हात आत्यापेक्षा सढळ आहे, आणि काडेचिराईत ते अंदाजाने टाकतात. त्यांचा अंदाज कधी कमी पडत नाही. काढा उकळेपर्यंत ते मला मळ्याच्या गोष्टी सांगतात, झेंडू कसा खुडायचा, आत्या बाजारात कुणाशी कशी भांडायची. सांगता सांगता हसतात. पहिल्या महिन्यात ते फारसे हसत नव्हते.

आणि आता एक गोष्ट सांगतो, जी लिहिताना मला जड जातंय. माझं डोकं थांबलं आहे.

कशाने थांबलं, यावर घरात एकमत नाही. मंगल म्हणते चहा सुटला म्हणून. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी तासभर शांत बसता म्हणून. संजू सगळ्या लासलगावात सांगत फिरतो की काढ्याने थांबलं, आणि आता तिकडची ज्यांची म्हणून डोकी दुखतात ती सगळी मामांचा पत्ता विचारतात. मला स्वतःला काहीही पटवून घ्यायचं नाही. डोकं थांबलं, पण मी "डोकं थांबलं तरी येईन" असं पंचवीस-तीस माणसांसमोर बोलून बसलोय. तेवढं एक वाक्य कमी बोललो असतो तर!

परवा मी हात धुवायला मोरीकडे गेलो, तर मामा तिथे पाठमोरे उभे. हातात त्यांचा स्वतःचा पेला, आणि पेला मोरीत उपडा होत असलेला.

"मामा!"

मामा दचकले नाहीत. पेला शांतपणे विसळला. "काय रे?"

"तुम्ही काढा टाकून देता?"

"मग? मी कशाला पिऊ? माझं कुठं डोकं दुखतं?"

"पण आत्या असताना तर रोज तुम्हीही घ्यायचात..."

"तेव्हाबी इथंच टाकायचो," मामा म्हणाले. "हे बघ विजू, कावळ्यासमोर मी कायबी बोललो नाय. तू बोललास. चल, निवतोय तुझा."

खिडकीच्या गजांवर एक कावळा येऊन बसला होता. तोच असेल असं नाही. नाशिकला कावळ्यांची काही कमी नाही. पण मी शेवटचा घोट घेतल्याशिवाय तो उडाला नाही, हे मामांनीही पाहिलं.

घरी येऊन मी मंगलला ठणकावून सांगितलं, "हे बघ, माझ्या दहाव्याला तुम्ही कुणी काही कबूल करायचं नाही. गर्दी जमवायची नाही. पत्रावळ ठेवा, कावळा लगेच शिवेल. माझी काय इच्छा राहणार आहे? काढा सुटला, एवढ्या आनंदातच मी तृप्त!"

मंगल उद्या सकाळचा काढा किटलीतून पातेल्यात ओतत होती. वर न बघता म्हणाली, "तिकडं आत्या आहेत ना."

तेव्हापासून माझं डोकं परत दुखायला लागलंय.